वाजवताना जुळतं, रेकॉर्डिंगमध्ये मागे पडतं: ब्लूज बॅकिंग ट्रॅकवरचा नेहमीचा घोळ

गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीतला एक मुलगा फोन घेऊन वर आला. त्याच्या कॉलेजची एकांकिका बसत होती आणि एका प्रवेशाखाली संथ ब्लूज गिटार हवी होती. बॅकिंग ट्रॅक, म्हणजे साथीच्या वाद्यांचं तयार रेकॉर्डिंग, मिळाला होता, ए या स्वरपट्टीतला, मिनिटाला ६० मात्रांचा. त्यावर त्याने रात्री जागून लीड, म्हणजे मुख्य गिटार, वाजवली होती. "काका, वाजवत होतो तेव्हा अगदी बरोबर बसत होतं. आता ऐकतो तर सगळं ओढल्यासारखं. चार टेक केले, चारही तसेच." दिग्दर्शकाने त्याला सांगितलं होतं, तुझी लय कच्ची आहे, दुसरं कुणीतरी बघू.

मी ऐकलं. हात चांगला होता. बेंड, म्हणजे तार ओढून चढवलेले सूर, सुरात जात होते, वाक्यांमध्ये श्वास होता. पण प्रत्येक वाक्य समेच्या जरा मागे उतरत होतं आणि दर वेळी तेवढंच मागे. लय कच्ची असलेला माणूस इतक्या नियमाने मागे पडत नाही. तो कधी पुढे जातो, कधी मागे, कॉर्ड बदलताना गडबडतो. मी विचारलं, कानात काय होतं? ब्लूटूथचे इयरबड.

हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून माझ्याकडे सतत येतो. २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला, पहिल्याच वर्षी अमेरिकेचा ब्लूज गिटारवादक बडी गाय वाजवून गेला, आणि त्यानंतर माझ्या ओळखीत ब्लूजच्या मागे लागलेली मुलं वाढली. बहुतेकांची घरं लहान, सोबतीला ड्रमर नाही, बेसवाला नाही, म्हणून सगळा रियाज बॅकिंग ट्रॅकवर. त्यातली कितीतरी मुलं यंत्राची चूक स्वतःच्या हाताच्या नावावर लिहून घेतात आणि गिटार कपाटावर टाकतात. याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी अंतर मोजा

कुठलीही सेटिंग बदलण्याआधी एक काम करा. रेकॉर्डिंग उघडा आणि गिटार ट्रॅकच्या किती मागे आहे ते तीन ठिकाणी बघा: पहिल्या फेरीत, मधे कुठेतरी आणि शेवटच्या फेरीत. (फेरी म्हणजे ब्लूजच्या बारा बारांचं एक आवर्तन, आणि बार म्हणजे चार मात्रा.) कानाने अंदाज येत नसेल तर लहरीचं चित्र मोठं करून बघा. ड्रमचा ठोका टोकदार दिसतो, त्याच्या शेजारी तुमच्या तारेवरचा आघात कुठे आहे ते कळतं.

अंतर तिन्ही ठिकाणी सारखं असेल तर दोष आवाजाच्या वाटेत आहे. अंतर हळूहळू वाढत असेल तर दोन घड्याळं वेगळी चालताहेत, म्हणजे फाइलचा वेग कुठेतरी बदललाय. आणि अंतर कधी कमी, कधी जास्त, कधी उलटंच असेल, तर मात्र ते तुमच्या हाताचं किंवा मोजणीचं आहे. या तिन्हींवरचे उपाय एकमेकांच्या काहीच कामाचे नाहीत. महिनाभर मेट्रोनोमवर, म्हणजे ठोके देणाऱ्या यंत्रावर, घासूनही पहिला दोष जात नाही.

सारखं अंतर: ब्लूटूथची वाट

इथे एक गैरसमज आधी दूर करतो. "ब्लूटूथवर रियाजच करू नका" असं सरसकट सांगितलं जातं. ते खरं नाही. ट्रॅक ब्लूटूथ स्पीकरवर लावला आणि गिटार अँपवर किंवा अशीच खोलीत वाजवली, तर काही बिघडत नाही. ट्रॅक फोनमधून निघून तुमच्या कानापर्यंत यायला उशीर झाला तरी तुम्ही जे ऐकता त्यावरच वाजवता. समोर दुसरा फोन ठेवून खोलीतला व्हिडिओ काढलात तरी दोन्ही आवाज एकाच माइकमध्ये एकाच वेळी शिरतात, म्हणून तोही जुळलेलाच येतो.

घोळ होतो तो फोन एका हाताने ट्रॅक वाजवतो आणि दुसऱ्या हाताने तुमची गिटार रेकॉर्ड करतो तेव्हा. ॲपने ट्रॅकचा ठोका सोडला. ब्लूटूथमधून तो कानात पोचायला साध्या इयरबडवर साधारण १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. तुम्ही तो ऐकून अचूक वाजवलंत. पण ॲपच्या हिशेबाने ट्रॅक तोवर पुढे गेलेला असतो आणि तुमची गिटार त्या पुढच्या जागी लिहिली जाते. वाजवताना तुम्ही बरोबर होता, हे अगदी खरं. फक्त ॲपला ते कळायला मार्ग नाही.

२०० मिलिसेकंद म्हणजे किती? आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. अँप तीन मीटरवर असेल तर ९ मिलिसेकंदांचा उशीर आपण रोज सोसतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. २०० मिलिसेकंद म्हणजे जवळपास ६९ मीटर. लोकलच्या तीन डब्यांपलीकडे उभ्या असलेल्या ड्रमरबरोबर वाजवल्यासारखं.

संथ ट्रॅकवर हा दोष लपतो, म्हणून तो इतका उशिरा सापडतो. मिनिटाला ६० मात्रा असतील तर एक मात्रा १००० मिलिसेकंदांची. त्यात २०० ने मागे असलेलं वाजवणं ऐकणाऱ्याला "निवांत" वाटू शकतं, कच्च्या लयीचं वाटू शकतं, यंत्राचं मात्र वाटत नाही. तेच १२० च्या शफलवर करून बघा. मात्रा ५०० ची, तिचे तीन भाग केले की एकेक १६७ चा. शफलचा सगळा झोका या तिसऱ्या भागावर असतो आणि तुम्ही त्याहूनही जास्त मागे आहात. मग गिटार नुसती उशिरा येत नाही, झोकाच मोडतो. म्हणून शंका असेल तर तपासणी नेहमी जलद शफलवर करा.

उपाय सोपा आहे: रेकॉर्ड करताना वायरचे हेडफोन. फोनला गोल पिनची जागा नसेल तर टाइप सी चा छोटा जोड मिळतो. मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला, गेलात तर दुकानातच लावून, गाणं आणि माइक दोन्ही चालतात का ते बघून घ्या. काही जोड फक्त आवाज बाहेर काढतात, आत घेत नाहीत. कॉम्प्युटरवर ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटार कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र, असेल तर बफर, म्हणजे आवाजाचे नमुने एका वेळी किती साठवायचे तो आकडा, १२८ किंवा २५६ ठेवा. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला घेतलेले आवाजाचे नमुने) हे ३ ते ६ मिलिसेकंद होतात. १०२४ वर गेलात की २३, आणि तो उशीर जाताना-येताना दोन्हीकडे लागतो. गिटारचा आवाज इंटरफेसमधूनच थेट कानात घ्यायची सोय असेल तर ती वापरा. आणि इयरबडचाच माइक रेकॉर्डिंगला कधीही वापरू नका. तो चालू झाला की बहुतेक इयरबड फोनकॉलच्या दर्जावर उतरतात, ट्रॅकही डब्यातून आल्यासारखा होतो.

टेक आधीच घेऊन झाला असेल आणि चांगला असेल तर टाकून देऊ नका. ट्रॅकच्या सुरुवातीला एक-दोन-तीन-चार अशा काड्यांच्या टिचक्या असतात. तेच इयरबड माइकच्या अगदी तोंडाशी धरा आणि त्याच ॲपमध्ये त्या टिचक्या रेकॉर्ड करा. आता ट्रॅकमधली टिचकी आणि रेकॉर्ड झालेली टिचकी यांतलं अंतर वाचा. ॲपमधली गिटारच्या लहरीची पट्टी तेवढीच डावीकडे सरकवायची. हे मोजमाप जोडणी न तोडता लगेच करायचं, कारण इयरबड पुन्हा जोडले की आकडा बदलू शकतो.

त्या मुलाचं अंतर २१० निघालं. पट्टी सरकवली, वाजवून बघितलं, आणि तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. चारपैकी दुसरा टेक सुंदर होता. फक्त तिसऱ्या फेरीत एका जागी तो खरोखर चुकला होता. त्या जागेबद्दल पुढे सांगतो.

वाढत जाणारं अंतर

हे कमी वेळा होतं, पण झालं की माणूस चक्रावतो. सर्वांत साधं कारण म्हणजे रियाजासाठी ट्रॅकचा वेग कमी केला, त्यावरच टेक घेतला आणि नंतर तो मूळ ट्रॅकवर ठेवला. दुसरं कारण सॅम्पल रेट. व्हिडिओचं काम बहुधा ४८,००० वर चालतं, गाण्यांच्या फाइली बऱ्याचदा ४४,१०० च्या असतात. एरवी सॉफ्टवेअर आपोआप बदल करून घेतं. नाही घेतला, तर ४८,००० ची गिटार ८ टक्के हळू चालते आणि दीड फ्रेटच्या आसपास खाली उतरते. ६० च्या वेगाची एक फेरी ४८ सेकंदांची, ती ५२ च्या पुढे जाते. म्हणजे सूरही उतरलाय आणि लयही घसरतेय, असं दोन्ही एकदम दिसलं की हात झटका आणि फाइलची माहिती उघडून बघा.

आणखी एक. जुन्या पद्धतीने, माणसांनी मेट्रोनोमशिवाय वाजवलेला ट्रॅक असेल तर तो स्वतःच थोडा पुढे-मागे होतो. त्यावर ॲपचा क्लिक लावून वाजवू नका. ड्रमरचंच ऐका.

अंतर कधी असं, कधी तसं: बारा बारमध्ये हरवणं

आता खऱ्या रियाजाची गोष्ट. त्या मुलाची चूक नवव्या बारला होती. आणि माझ्या अनुभवात दहातले आठ जण तिथेच हरवतात.

ए मधला साधा बारा बार असा: पहिले चार बार ए सेव्हन, पाचवा-सहावा डी सेव्हन, सातवा-आठवा परत ए, नववा ई सेव्हन, दहावा डी, अकरावा ए, बारावा ई, की पुन्हा पहिल्यावर. एकूण ४८ मात्रा. पहिल्या आठ बारांत कॉर्ड दोन-दोन, चार-चार बार थांबते, त्यामुळे निवांत मोजता येतं. नवव्यापासून मात्र प्रत्येक बारला बदल. डोकं आठव्या बारच्या वाक्यात अडकलेलं असतं आणि ट्रॅक ईवर जाऊन डीवर उतरलेलाही असतो.

सोबतीला माणसं असती तर त्यांनी सांभाळून घेतलं असतं. टेक्ससचा जुना ब्लूज गायक-गिटारवादक लाइटनिंग हॉपकिन्ससारखा माणूस एकटा वाजवायचा तेव्हा बार हवा तसा लांबवायचा, आखडायचा, आणि त्याच्याबरोबर वाजवणाऱ्याला त्याच्या मागे जावं लागायचं. असं वादन खूप ऐकलं असेल तर तुमच्या कानातले बारा बार पक्के बारा नसतातच. ट्रॅक तुमच्या मागे येत नाही. त्याचं काम तबल्याच्या रियाजातल्या लेहऱ्यासारखं आहे. हार्मोनियमवर तीच ओळ फिरत राहते, तबलजी त्यावर कायदा, रेला काहीही करो, सम लेहऱ्याने दाखवायची आणि तबल्याने गाठायची. ब्लूजमध्ये ही ओळ म्हणजे कॉर्डची चाल. ती गिटारवाल्याला ऐकू येत नसेल तर त्याच्या हातात नुसतं स्केल उरतं.

म्हणून नवा ट्रॅक घेतला की गिटार मांडीवरून बाजूला ठेवा आणि तीन फेऱ्या नुसत्या ऐका. बेसकडे कान लावा, बेसच घर सांगतो. दुसऱ्याच बारला डी येतोय का? पुष्कळ ट्रॅकमध्ये येतो आणि परत ए होतो. ज्याला हे ठाऊक नाही त्याला तिथेच पाचवा बार आल्यासारखं वाटतं आणि तो तीन बार पुढे निघून जातो. ट्रॅक मायनरमधला असेल तर नवव्याला ई ऐवजी एफ आणि दहाव्याला ई अशी जोडी असू शकते. आठच बारांचाही ब्लूज असतो. ट्रॅकच्या नावात "स्लो ब्लूज इन ए" एवढंच लिहिलेलं असतं, यातलं काही लिहिलेलं नसतं.

मोजायला आकड्यांपेक्षा शब्द बरे. ब्लूजचं कडवं तीन ओळींचं: पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिचं उत्तर. प्रत्येक ओळीला चार बार. गळा साधारण दोन बार घेतो, उरलेले दोन वाद्याचे. मी मुलांना मराठीतच ओळी करायला लावतो. त्या मुलाने माझ्यासमोर केलेल्या या:

सकाळची लोकल सुटली, फलाटावर मी उरलो
सकाळची लोकल सुटली, फलाटावर मी उरलो
गर्दी सगळी निघून गेली, मी तुझ्यासाठी थांबलो

पहिली ओळ एवर. तीच ओळ पाचव्या बारला डीवर, शब्द तेच पण खालची जमीन बदललेली, म्हणून ती जास्त दुखते. आणि "गर्दी सगळी" हा शब्द नेमका नवव्या बारला, ईवर. एकदा ही ओळ ओठांत बसली की नववा बार मोजावा लागत नाही, तो उत्तर घेऊन येतो. त्याने डोळे मिटून दोन फेऱ्या म्हटल्या, तिसरीत गिटार घेतली आणि नवव्यावर बरोबर उतरला. मला तर त्याचं वाजवणंही त्यानंतर बदललेलं वाटलं. ओळीनंतरच्या रिकाम्या दोन बारांतच तो बोलायला लागला, आधी सगळीकडे बोलत होता.

रियाज असा करा. एक फेरी फक्त पहिल्या, पाचव्या आणि नवव्या बारच्या समेवर एकेक सूर: ए, डी, ई. बाकी काही वाजवायचं नाही, कितीही हात शिवशिवले तरी. दुसरी फेरी फक्त उत्तराच्या जागा: तिसरा-चौथा, सातवा-आठवा, अकरावा-बारावा. मग मोकळं वाजवा. हे जमलं की ट्रॅकचा आवाज चार बार पूर्ण बंद करा, तुम्ही चालू ठेवा, आणि आवाज परत आणा. समेवर भेटलात तर लय तुमची झाली. नाही भेटलात तर तुम्ही धावता की रेंगाळता ते तिथल्या तिथे कळतं.

सूर लागत नाही

ट्यूनर हिरवा दिवा दाखवतोय आणि तरी ट्रॅकवर सगळंच बेसूर, असं असेल तर ट्रॅक अर्ध्या सुराने उतरवलेला असण्याची शक्यता मोठी. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन गिटार अर्धा सूर खाली लावायचा, त्याच्या धाटणीचे ट्रॅकही बऱ्याचदा तसेच असतात. सहाही तारा एकेक फ्रेट खाली उतरवा. ट्रॅकचा सूर चढवण्यापेक्षा हे बरं, तारा सैल झाल्या की बेंडही मऊ होतात.

मुंबईचं आपलं एक वेगळंच आहे. बाहेरच्या दमट हवेतून गिटार एसीच्या खोलीत आणली, लगेच सुरात लावली, की दहा मिनिटांत तारा गार होऊन आखडतात आणि सूर चढतो. पंधरा-वीस मिनिटं गिटार पिशवीबाहेर राहू द्या, मग लावा. पावसाळ्यात आणि घामाने तारा लवकर गंजतात, गंजलेली तार बाराव्या फ्रेटवर खोटं बोलते. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर वेगळे येत असतील तर आधी तारा बदला, मगच गिटार दुकानात न्या.

आणि एक बारीक गोष्ट, जी मला सर्वांत प्रिय आहे. ब्लूज ज्यावर वाजवतात ते मायनर पेंटाटॉनिक स्केल आपल्या कानाला नवं नाही, धानी रागाचे तेच पाच सूर आहेत: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. तरी ब्लूजवर कोमल ग कधी गोड लागतो, कधी टोचतो. कारण ए सेव्हनमध्ये शुद्ध ग आहे. तिथे तुमचा कोमल ग जरासा वर ढकलावा लागतो, शुद्धपर्यंत नाही, मधेच कुठेतरी. डी सेव्हन आली की तोच सूर कॉर्डचा घरचा सूर होतो, तिथे तो सरळ ठेवायचा. म्हणजे बार चुकला की सूरही चुकतो. पुष्कळांना जे बेसूर वाटतं ते प्रत्यक्षात चुकीच्या बारला ढकललेलं बोट असतं.

एकांकिकेत किंवा व्हिडिओत वापरायचा असेल तर

बॅकिंग ट्रॅक मोफत डाउनलोड करता येतो म्हणजे कुठेही वापरता येतो असं नाही. बारा बारची चाल कुणाच्या मालकीची नाही, पण ते रेकॉर्डिंग कुणाच्या तरी मालकीचं आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना (निर्मात्याने आधीच, काही अटींवर दिलेली वापराची मुभा) असेल तर नीट वाचा. नाव द्यायचं असेल तर द्या. बिगरव्यावसायिक अट असेल तर तिकीट लावलेल्या प्रयोगाला तो ट्रॅक घेऊ नका. "बदल करू नये" अशी अट असेल तर व्हिडिओच्या दृश्याशी जुळवून लावणंही चालत नाही, कारण ते रूपांतर धरलं जातं. परवानगी मागितली तर ती लेखी घ्या आणि जपून ठेवा.

त्यापेक्षा स्वतःचा ट्रॅक करा. एका संध्याकाळचं काम आहे. ड्रमचा साधा शफल, त्यावर बेस, आणि रिदम गिटार मधल्या तारांवर ठेवा म्हणजे वरची जागा लीडला मोकळी राहते. सुरुवातीला चार टिचक्या द्या आणि अगदी शेवटच्या बारनंतर आणखी एक टिचकी. सुरुवातीचं आणि शेवटचं अंतर मग दोन मिनिटांत मोजून होतं. फाइल ४८,००० वर काढा आणि फाइलच्या नावातच स्वरपट्टी, वेग, ट्यूनिंग आणि सॅम्पल रेट लिहा. प्रयोगाच्या दिवशी लॅपटॉपवर बसणारा मुलगा बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी असतो.